फुकट मिळालेला नग

आमच्या लॅबमध्ये येणारे नग म्हणजे हिरे, माणिक, पाचू, नीलम. अंबर, म्हणजे झाडाची लाखो वर्षांत दगडासारखी झालेली राळ, वर्षातून चार-पाच वेळा, तेही बहुतेक तसबीहचे, म्हणजे जपमाळेचे, मणी. ते घेऊन येणारे व्यापारी त्याला कहरुबा म्हणतात. आपला जुना शब्द तृणमणी, कारण लोकरीवर घासला की गवताची काडी ओढून घेतो. आता तो शब्द ऐकून कुणी वळूनही बघणार नाही.

गेल्या पावसाळ्यात मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक काका आले. मखमली डबीत जर्दाळूएवढा मधाच्या रंगाचा नग, मधोमध पंख पसरून बसलेली मधमाशी. दोमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगोला बोट लागली होती तेव्हा घेतलेला. "मुलीच्या लग्नात पेंडंट करून द्यायचंय, मॅडम. तुमचं सर्टिफिकेट मिळालं की झालं." टिश्यूत गुंडाळलेला आणखी एक होता, चिंचोक्याएवढा, एका बाजूने गढूळ. "हा दुकानदाराने वर फुकट दिला. आत चिलट आहे बहुतेक. आणलाय तर बघून टाका."

मोठ्या नगातली माशी मला पहिल्या नजरेतच खटकली. चीक अंगावर ओघळला तर कुठली माशी पंख नीट पसरून फोटोला बसते? मिठाच्या संपृक्त पाण्यात अंबर तरंगतो. हा तळाला गेला. इन्फ्रारेडचा आलेख आला पॉलिएस्टरचा, म्हणजे चक्क प्लास्टिक. आणि आत होती ती आपली नेहमीची पेटीतली युरोपियन मधमाशी. मला हसूच आलं. दोमिनिकन अंबर साधारण दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीचा आणि ही माशी युरोपातून गेलेल्या लोकांनी 17व्या शतकात जहाजातून अमेरिकेत नेली. व्हर्जिनियात ती 1622 साली पोचली. फसवणाऱ्याने निदान माशी तरी तिथली घालायची!

छोटा नग त्याच मिठाच्या पाण्यावर तरंगला. अतिनील दिव्याखाली निळसर उजळला. ईथरचा थेंब टाकला, चिकट झाला नाही. म्हणजे कोपल, कच्ची राळ, नव्हे. मग तो मायक्रोस्कोपखाली घेतला.

चिलट नव्हतं ते. जेमतेम चार मिलिमीटरची, काळपट, एका कुशीवर कललेली. एक मिशी वाकडी, तोंडाशी दोन बुडबुडे. पंखांत शिरा अगदी मोजक्या. मागचा पाय फोकसमध्ये आला तेव्हा मात्र मी खुर्ची पुढे ओढली. पायाचा तो भाग पसरट, पळीसारखा, आणि त्यात पिवळा गोळा तसाच चिकटलेला.

पोया!

राजापूरच्या आमच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीत पोयांचं, म्हणजे बिनडंखाच्या बारीक मधमाश्यांचं, घर होतं. दाराशी मेणाची बारीक नळी. पोया डंख मारत नाही, पण छेडलं तर केसांत घुसून जीव नकोसा करते. तिचा आंबटसर मध आजी औषधाच्या बाटलीत भरून ठेवायची. पोया घर बांधते ते नुसत्या मेणाचं नाही, त्यात झाडांची राळ कालवते. ती आणायला झाडाच्या जखमेवर जाते. फणसाच्या चिकात अडकून मेलेल्या पोया मी लहानपणी कितीदा पाहिल्यात. ही तशीच गेली होती, पायात राळेचा गोळा घेऊन.

दोमिनिकन अंबरात सापडणाऱ्या या माशीचं शास्त्रीय नाव प्रोप्लेबिया दोमिनिकाना. जात केव्हाच नामशेष झाली. ज्या झाडाची ती राळ, हायमेनिया प्रोटेरा, तेही गेलं. पण त्या अंबरात ही माशी भरपूर सापडते, कारण तिला राळेचीच गरज होती. 2007 साली तर अशा एका माशीच्या पाठीवर ऑर्किडचे परागपुंज चिकटलेले मिळाले आणि ऑर्किडचा पहिला पक्का जीवाश्म हाती लागला. आमच्या पोयाच्या पाठीवर मी आशेने तीनदा बघितलं. काही नव्हतं.

काकांना मोठ्या नगाचं सांगणं जड गेलं. ते बराच वेळ डबीचं झाकण उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "आणि हे चिलट?" मी त्यांना मायक्रोस्कोपशी बसवलं. चष्मा काढा, घाला, असं दोन-चार वेळा झालं आणि मग ते एकदम गप्प झाले.

"हिचा डीएनए काढून परत करता येईल का हो, सिनेमात दाखवतात तशी?"

"नाही काका. 1992 साली याच जातीच्या माशीतून डीएनए मिळाल्याचा दावा झाला होता. नंतर लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने करून पाहिलं, मिळाला नाही. बरेचदा आत नुसतं टरफल असतं."

"पायातला गोळा तर दिसतोय की."

तो दिसत होता खरा.

रिपोर्ट छापला. मोठा : कृत्रिम रेझिन. छोटा : नैसर्गिक अंबर, अंतर्भाव : कीटक. काकांनी वाचून मान हलवली. "कीटक काय? पोया लिहा ना." आमच्या फॉर्मात तेवढंच येतं, जात ठरवणं आमच्या अखत्यारीत नाही, हे मी समजावलं. त्यांनी खिशातलं पेन काढून टिश्यूवरच ठळक अक्षरांत 'पोया' लिहिलं, छोटा नग त्यात गुंडाळला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि निघाले. मखमली डबी काउंटरवरच राहिली. आमचा शिपाई ती घेऊन जिन्यापर्यंत धावत गेला.