बँकॉकमध्ये घर शोधताय? एरिया नंतर, आधी सोई बघा

पुण्या-मुंबईतून बँकॉकला बदली होऊन येणाऱ्या लोकांचे मेसेज हल्ली बरेच येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, ताई, थोंगलो घेऊ की साथोर्न? कुणीतरी सांगितलेलं असतं की थोंगलो म्हणजे इथलं कोरेगाव पार्क, कंपनीच्या एचआरने एका एजंटचा नंबर दिलेला असतो, आणि एजंटने ढीगभर कॉन्डोंचे फोटो पाठवलेले असतात ज्यात प्रत्येक बिल्डिंगला स्विमिंग पूल, जिम आणि वरून दिसणारं चकाचक शहर. त्या फोटोंवरून काहीही ठरवू नका हो. इथे त्या बजेटमध्ये सगळ्यांकडेच पूल असतो. मी उलट विचारते, सोई (म्हणजे इथली गल्ली) कुठली आणि सोईत किती आत?

सुखुमवित हा रस्ता म्हणजे थायलंडचा हायवे नंबर ३, बँकॉकमधून निघतो आणि पार कंबोडियाच्या हद्दीजवळच्या त्रातपर्यंत जातो, पण शहरातला नाना ते एक्कामाय हा जो पट्टा आहे तिथे परदेशी लोकांची सगळ्यात जास्त वस्ती. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ज्या गल्ल्या फुटतात त्या सोई. उत्तरेला विषम नंबर, दक्षिणेला सम. पण समोरासमोरचे नंबर जुळतील असं अजिबात समजू नका. थोंगलो म्हणजे सोई ५५, तिच्या समोर सोई ३८, आणि स्कायट्रेनच्या (खांबांवरून धावणाऱ्या मेट्रोच्या) फ्रोम फोंग स्टेशनच्या एका बाजूला ३९ तर दुसऱ्या बाजूला २४, त्यामुळे नवा माणूस ३८ म्हणजे ३९च्या समोरच असणार म्हणून एक स्टेशन आधी उतरतो आणि उन्हात चालत सुटतो.

आता सोईची गंमत अशी की ही सगळी पूर्वी शेतं आणि कालवे होते. ज्याची जमीन त्याने प्लॉट पाडले, मेन रोडपर्यंत एक गल्ली काढली आणि विषय संपवला, शेजारच्या गल्लीला जोडायची गरज कुणाला वाटलीच नाही. म्हणून बऱ्याच सोई शेवटाला बंद. मॅपवर स्टेशन घराच्या पाठीमागेच दिसतं पण मध्ये कुणाच्या तरी बंगल्याची भिंत असते आणि तुम्हाला आख्खी गल्ली चालून, मेन रोडला लागून, मग वळून जावं लागतं. गाडीचंही तेच, सगळ्या गल्ल्यांतल्या सगळ्या गाड्या एकाच तोंडातून बाहेर येणार, आणि संध्याकाळी सहाला पाऊस असेल तर टॅक्सीवाला सोईचं नाव ऐकूनच मान हलवतो. स्कायट्रेन, म्हणजे बीटीएस, १९९९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि तेव्हापासून इथली भाड्याची घरं स्टेशनपासून किती दूर यावरच खपतात, जाहिरातीत पाच मिनिटं लिहिलेलं असतं, ती पाच मिनिटं कुणाची आणि कुठल्या महिन्यातली ते लिहिलेलं नसतं. एप्रिलमध्ये दुपारी दोनला लॅपटॉपची बॅग घेऊन चालून बघा, मग सही करा.

सोईत आत राहणाऱ्यांचा खरा आधार म्हणजे नारिंगी जॅकेट घातलेले मोटरसायकल टॅक्सीवाले. प्रत्येक मोठ्या सोईच्या तोंडाशी त्यांचा थांबा असतो, ऑफिसच्या बायका स्कर्ट सावरत एका बाजूला पाय सोडून मागे बसतात आणि फोन बघत जातात, मला सुरुवातीला भयंकर भीती वाटायची, आता मीही तशीच बसते आणि हातात कोथिंबिरीची जुडी असते. पण सासू-सासरे येऊन राहणार असतील किंवा लहान मूल असेल तर हा हिशोब बदलतो. गुडघेदुखीवाल्या माणसाला बाईकवर बसवता येत नाही आणि फुटपाथ मध्येच विजेच्या खांबाखाली किंवा खाऊच्या गाडीखाली गायब होतो.

बरं, आता एरियाचं.

पहिल्या वर्षासाठी मी बहुतेकांना फ्रोम फोंग सांगते. जपानी लोकांचा हा जुना भाग, सोई ३३/१ मध्ये त्यांचं फूजी सुपरमार्केट, सोई ४९ मध्ये सामितिवेत हॉस्पिटल, स्टेशनला चिकटून एम्पोरियम, समोर एमक्वार्टियर, आणि २०२३ च्या शेवटी पलीकडे एमस्फिअर नावाचं अजून एक अवाढव्य मॉल उघडलं (कशाला हवं होतं कोण जाणे). मॉलच्या शेजारीच बेंचासिरी पार्क आहे, छोटं आहे पण संध्याकाळी तिथे म्हातारेकोतारे, बास्केटबॉलवाली पोरं, एरोबिक्स करणाऱ्या बायका सगळे असतात आणि मुलांना सोडून बाकावर बसता येतं. आपला दूतावासही लांब नाही, सोई २३ मध्ये. भाडं जास्तच आहे, दोन बेडरूमच्या बऱ्या घराला ५० हजार बाथच्या पुढचाच विचार करा आणि ते रुपयांत मोजा म्हणजे चक्कर येईल. एक मात्र सांगते, नव्वदच्या दशकातल्या जुन्या बिल्डिंगा बघा. लॉबी जुनाट, लिफ्ट हळू, पण खोल्या दुप्पट मोठ्या आणि कधीकधी स्वयंपाकघराला चक्क दार असतं.

थोंगलो मला फॅमिलीसाठी उगाच डोक्यावर घेतलेला भाग वाटतो. म्हणजे वाईट अजिबात नाही, लग्न होऊन नवीन आलेलं जोडपं असेल, रात्री बाहेर जेवायची, कॉफीची हौस असेल तर मजा आहे, जपानी खाणं तर उत्तम. पण सोई ५५ दोन किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि स्टेशन एका टोकाला. मधल्या भागात राहणारे "थोंगलोला राहतो" म्हणतात आणि रोज लाल मिनीबसची किंवा बाईकची वाट बघतात. वरच्या टोकाला सेनसेप कालव्यावरची बोट मिळते, ती ट्रॅफिकला टांग मारून शहरात नेते, फक्त पाण्याचा वास सहन करायची आणि शिंतोडे उडाले की बाजूची ताडपत्री ओढायची तयारी ठेवा. एक्कामाय पुढचं स्टेशन, थोडं स्वस्त, थोडं शांत, आणि स्टेशनजवळच तारांगण आणि सायन्स म्युझियम असल्यामुळे मुलांचा एक रविवार निघतो.

साथोर्न वेगळ्या स्वभावाचं आहे. मध्ये कालवा, दोन्ही बाजूंना रस्ता, उत्तर साथोर्न आणि दक्षिण साथोर्न, बँका, दूतावास, आणि ३१४ मीटरची ती तुकडे पडल्यासारखी दिसणारी महानखोन बिल्डिंग. नवऱ्याचं ऑफिस इकडे असेल तर दुसरं काही बघूच नका, रोजचा वाचलेला वेळ हाच पगार. लुम्पिनी पार्क जवळ, तिथे तळ्याकाठी चांगल्या हातभर लांब घोरपडी फिरतात, मुलं पहिल्या दिवशी किंचाळतात आणि नंतर त्यांना लाडाची नावं देतात. मागच्या बाजूला सुआन फ्लूच्या गल्ल्यांमध्ये सकाळी सकाळी डुकराच्या मांसाची खिचडीवजा पेज विकणारे, फुलवाले, शिंपी असं जुनं बँकॉक अजून शिल्लक आहे. आणि सिलोम रस्त्यावरचं मरिअम्मनचं देऊळ, तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं, थाई लोक त्याला वात खेक म्हणतात. नवरात्रात शेवटच्या दिवशी मिरवणूक निघते, रस्ता बंद करतात, आणि त्या गर्दीत भारतीयांपेक्षा थाई जास्त असतात. गणपतीची भक्ती तर इथे एवढी की सेंट्रल वर्ल्ड मॉलसमोर, हुआय ख्वांगच्या चौकात, ठिकठिकाणी बाप्पा, त्यामुळे एरिया कुठलाही घ्या, चतुर्थीला हात जोडायला जागा सापडते.

आरी हा माझा स्वतःचा लाडका, पण मी फार कुणाला सांगत नाही. सुखुमवितपासून लांब, फाहोनयोथिन रस्त्याच्या सोई ७ च्या आसपास, सरकारी ऑफिसं, बागवाले जुने बंगले, छोटी कॅफे, आणि शेजारी थाई. इंग्रजी कमी चालतं त्यामुळे भाषा पटकन येते. मात्र मुलांची शाळा बांग ना बाजूला, म्हणजे सुखुमवित सोई १०५ मधली पटाना इंटरनॅशनल स्कूल वगैरे असेल तर आरी विसरा, ते शहराचं दुसरं टोक आहे. शाळा आधी ठरवा, घर शाळेच्या बसच्या रूटवर शोधा.

आता स्वयंपाकघर, कारण एजंट यातलं काही सांगत नाही. नव्या कॉन्डोंमध्ये किचन उघडं असतं, हॉलमध्येच, शोभेचं, दोन शेगड्यांचा सिरॅमिक नाहीतर इंडक्शनचा टॉप आणि नावाला एक्झॉस्ट. उंच बिल्डिंगांमध्ये गॅस सिलेंडरला बहुतेक ठिकाणी बंदीच असते. म्हणजे फुलका फुगवायचा तर जाळी-बिळी विसरा, भाकरी तव्यावरच दाबून दाबून शेकायची, आणि हिंगाची फोडणी दिली की सोफ्याला आठवडाभर वास. इथल्या बाजारात प्ला थू नावाचा मासा मिळतो, आपल्या बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ, बांबूच्या गोल टोपलीत मान मोडून वाफवून ठेवलेला. तो ताजा आणून तळायचा असेल तर दार असलेलं किंवा निदान खिडकी असलेलं किचनच लागतं, घर बघताना एक्झॉस्ट चालू करा आणि कागदाचा तुकडा धरून बघा ओढतोय का, एजंट हसला तर हसू दे. कढीपत्ता, मेथी, पोहे, डाळी यासाठी फाहुरात, बँकॉकचं लिटल इंडिया, तिथे महिन्याची एक फेरी सगळ्यांचीच असते.

पावसाळा मे ते ऑक्टोबर. सुखुमवितच्या काही सोई तासाभराच्या जोरदार पावसात घोट्यापर्यंत भरतात आणि शेजारची सोई कोरडी असते, हे वेबसाईटवर कळत नाही, बिल्डिंगच्या वॉचमनला किंवा कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमधल्या पोरीला विचारा, ती खरं सांगते. आणि मार्च २०२५ च्या म्यानमारच्या भूकंपात इथल्या उंच इमारती हलल्या, छतावरच्या पूलमधलं पाणी खाली सांडलं, चातुचाकजवळची एक बांधकाम चालू असलेली इमारत तर कोसळलीच. तेव्हापासून बरेच जण तिसावा मजला नको म्हणतात. मी म्हणते मजला कुठलाही घ्या पण भेगांची तपासणी आणि दुरुस्ती झाली का हे बिल्डिंगच्या ऑफिसात विचारा, उत्तर देताना चुळबूळ केली तर काय ते समजा.

करार साधारण वर्षाचा, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ. एजंटचं कमिशन मालक देतो, तुम्ही द्यायचं नसतं. कंपनीने मध्येच परत बोलावलं तर डिपॉझिट बुडू नये म्हणून तसं कलम आधीच घालून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. विजेचं बिल सरकारी मीटरने थेट येतं की मालक आपल्या दराने लावतो हे नक्की विचारा, कारण एसी वर्षभर चालतो. आत शिरताना प्रत्येक भिंतीचा, गादीचा, नळाचा फोटो काढून मालकाला मेसेज करा, तारखेसकट. आणि सगळ्यात कंटाळवाणं पण महत्त्वाचं, टीएम ३०. तुम्ही राहायला आलात की २४ तासांत मालकाने इमिग्रेशनला कळवायचं असतं, ती पावती नसेल तर पुढे व्हिसा वाढवताना तुम्हालाच ताटकळत ठेवतात. सही करण्याआधी मालकाला सरळ विचारा की टीएम ३० कधी भरणार, आणि तो "बघू" म्हणाला तर कितीही सुंदर पूल असला तरी दुसरं घर बघा, बँकॉकमध्ये रिकाम्या कॉन्डोंची कमी नाही.