कबुलीजबाबाचं जुनं घराणं

बॉस्टनमध्ये सुट्टीच्या दिवशी मी बीकन हिलचा चढ चढतो. एकमेकांना खेटून उभी लाल विटांची घरं, अरुंद फुटपाथ. रॉबर्ट लोवेल या कवीचं काही बालपण इथल्या ९१, रिव्हिअर स्ट्रीटवर गेलं. हे घर, नौदलातले वडील, आईबापांची धुसफुस, मनोरुग्णालयातला स्वतःचा मुक्काम, सगळं त्याने १९५९च्या 'लाइफ स्टडीज'मध्ये आणलं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांवरच्या कवितेत तर ते जाताना आईला एवढंच म्हणतात, की कसंतरीच होतंय. बस्स, कविता तिथेच संपते.

त्याच वर्षी समीक्षक एम. एल. रोझेन्थाल यांनी या लेखनाला कबुलीजबाब म्हटलं आणि शिक्का बसला. बॉस्टन विद्यापीठात लोवेलच्या वर्गाला येणाऱ्या सिल्व्हिया प्लाथ आणि अ‍ॅन सेक्स्टन या कवयित्रींवरही तो बसला. मनात आलं ते भडाभडा कागदावर ओतलं, असा समज त्यामुळे पसरला. मला तो मुळीच पटत नाही. 'लाइफ स्टडीज'मधल्याच 'स्कंक अवर' या कवितेत लोवेल आपलं डोकं ठिकाणावर नसल्याचं सांगतो आणि लगेच म्हणतो, मीच नरक आहे. हे बोल इंग्रज कवी मिल्टनच्या सैतानाचे, १६६७च्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यातले! सगळ्यात उघड्या क्षणीही त्याच्या हाताशी जुनी कविता असते.

शिवाय चारचौघांत अंतःकरण उघडं करणं इथे नवं नव्हतंच. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या, चर्चमध्ये पूर्ण सभासद व्हायचं तर आपलं पाप, शंका, देवाची कृपा हे सगळं मंडळीसमोर सांगावं लागे. कवयित्री अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट याच समाजातली, १६३० साली इंग्लंडहून आलेली. जुलै १६६६मध्ये तिचं घर जळालं. त्यावरच्या कवितेत ती आधी म्हणते, देवाने दिलं, देवाने नेलं. पण राखेवरून जाताना नजर अडखळते: इथे ट्रंक होती, तिथे पेटी, आता या छपराखाली पाहुणा बसणार नाही, मेणबत्ती लागणार नाही. मग ती स्वतःलाच दटावते, की हा सगळा फोल संसार. तो दटावणीचा सूर मला पुरता खरा वाटत नाही, ट्रंक मात्र वाटते. लोवेलच्या पिढीची सगळी ताकद मला त्या ट्रंकेत आधीच दिसते.

लोवेलच्याच पिढीतल्या जॉन बेरिमन या कवीने १९५६ साली ब्रॅडस्ट्रीटवर अख्खी दीर्घकविता प्रसिद्ध केली. तीत तो मध्येच शिरून थेट तिच्याशी बोलू लागतो, आणि तीही त्याला उत्तर देते.