शनिवारची सर्विसिंग आणि आर्णीचा मिस्त्री

सुट्टीवर गावी आलोय. काल बाबांसोबत बोलेरो घेऊन आर्णीला गेलो होतो सर्विसिंगला. मिस्त्रीभाऊनं बोनेट उघडलं, एअर फिल्टर काढून दगडावर दोनदा आपटला तर काळ्या मातीची भसाभस धूळ निघाली. बाबांनी तिथंच पाहिलं आणि म्हणे, "बदलूनच टाक रे." परत येताना त्यांनी विचारलं, "तिथं गाडीचं कसं करतं रे तू? मिस्त्री भेटते का?"

मिस्त्री भेटतो, पण दिसत नाही. मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, तिथं गाडीशिवाय ऑफिसला जायची सोय नाही, म्हणून सर्विसिंगला शनिवारच उरतो. रविवारी डीलरकडे कुलूप. टेक्सासमध्ये कायदाच आहे की शोरूमला शनिवार आणि रविवार असे लागोपाठ दोन्ही दिवस गाड्या विकता येत नाहीत, बहुतेक जण रविवारीच बंद ठेवतात आणि आमच्या डीलरचं सर्विसचं खातंही त्या दिवशी बंद असते. मग अख्ख्या गावाची गर्दी शनिवारी. मी दोन आठवडे आधी ऑनलाइन सकाळी साडेसातची वेळ घेतो, कारण दहा वाजता गेलं की ऑइल बदलायलाही दीड-दोन तास जातात.

आत गेलं की सर्विस अॅडव्हायझर चावी घेते, मायलेज लिहिते आणि आपण काचेच्या खोलीत कॉफी पीत बसायचं. गाडीजवळ जाऊ देत नाहीत. हे मला पहिल्या वर्षी लय जड गेलं, कारण आपल्याकडं मिस्त्रीच्या बाजूला उभं राहून पाना द्यायची सवय. माझ्या गाडीत सिंथेटिक ऑइल असते, मी साधारण 5,000 मैलांना म्हणजे 8,000 किलोमीटरला पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल करतो आणि एक सोडून एका खेपेला ऑइल बदलतो.

थोड्या वेळानं गाडीच्या तपासणीचा एक कागद येतो, त्यावर हिरवं, पिवळं, लाल. हिरवं म्हणजे चांगलं, पिवळं म्हणजे पुढं करावं लागेल, लाल म्हणजे आत्ताच करा. पिवळं पाहून नवीन माणूस घाबरते आणि हो म्हणून टाकते, मीही म्हटलं होतं. एसीच्या केबिन फिल्टरचे 80 डॉलर दिले, नंतर कळलं तोच फिल्टर दुकानात 20 डॉलरला भेटतो आणि डॅशबोर्डचा कप्पा काढून पाच मिनिटात बसतो. फार वाईट वाटलं मला, कारण बाबा असते तर त्यांनी आधी जुना फिल्टर हातात घेऊन पाहिला असता.

तवापासून मी विचारतो, ब्रेक पॅड किती मिलिमीटर उरले ते सांगा, जुना फिल्टर आणून दाखवा. कोणी रागवत नाही, आणून दाखवतात. टायरची नक्षी 2/32 इंचावर आली की बदलणं भागच आहे, ती कायद्याची मर्यादा आहे, तिथं मी पैशाकडं पाहत नाही.

इथून जे पोट्टे नवीन तिकडं जाऊन राहिले त्यांना एक सांगतो, वॉरंटी आहे म्हणून ऑइल डीलरकडेच बदलावं लागते असं नाही. 1975 चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे, बाहेर सर्विसिंग केली एवढ्या कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, पण पावत्या तारीख आणि मायलेजसकट जपून ठेवा. फुकटची सर्विसिंग असेल तोवर मात्र डीलरकडेच जा.

बाबांनी सगळं ऐकलं, मग विचारलं, "मंग तो जुना फिल्टर तुले दाखवते ना आता?" म्हटलं हो बाबा, मागितला की दाखवतात. म्हणे, "मागत जाय."