पुढे ढकललेल्या बाऱ्या

देवगड, माघ शुद्ध त्रयोदशी

आईचे तेरावे काल झाले. पौष अमावास्येला ती गेली, तेव्हापासून ही वही उघडली नव्हती. आज उघडली तर आधीच्या पानावर माझ्याच अक्षरात माघातल्या सात बाऱ्यांची, म्हणजे भजनाच्या सामन्यांची, यादी होती. त्यांतली एकही माझ्याकडून या महिन्यात होणार नाही.

‘कार्यक्रम पुढे ढकलला’ असे लोक सहज म्हणतात, परंतु भजनी डबलबारी (दोन बुवांनी समोरासमोर गाऊन एकमेकांना उत्तर देण्याचा सामना) करणाऱ्या बुवाला सगळ्याच बाऱ्या पुढे ढकलता येत नाहीत. माघी गणेश जयंती चतुर्थीलाच येते आणि यंदा ती नेमकी आमच्या सुतकाच्या पाचव्या दिवशी आली. दहा दिवस देवळाची पायरीच चढायची नाही म्हटल्यावर देवापुढे गाणे दूरच राहिले. हरिनाम सप्ताहाचेही तसेच, सात दिवसांचे नाम एकदा सुरू झाले की ते कोणासाठी खंडत नाही. म्हणून गणपतीची एक आणि सप्ताहाच्या दोन अशा तीन बाऱ्या मी सोडल्या आणि मंडळांना दुसऱ्या बुवांची नावे सुचवली. एका गावचे मानकरी फोनवर एवढेच म्हणाले, “आवशीचा सगळा आधी करा बुवा, बारी खंय पळान जाता?” बारी पळून जाणारच होती, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

मुंबईतल्या दोन बाऱ्या मात्र खरोखर पुढे गेल्या. फाल्गुनात चाकरमानी शिमग्यासाठी गावी येतात, तेव्हा प्रेक्षक कुठून आणायचे? म्हणून चैत्र ठरला. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाल्यापासून आम्हा कोकणी कलावंतांना शनिवार-रविवारची तारीख मिळवण्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे मी जाणतो, त्यामुळे संयोजकांनी एका शब्दानेही कुरकुर केली नाही याचे मला अधिकच वाटले.

राहिलेल्या दोन बाऱ्या तेराव्यानंतरच्या होत्या. त्या मी नाकारल्या तेव्हा एका मंडळाने “सुतक तर फिटले, आता कसली अडचण?” असे विचारून विसार परत मागितला. तो मी त्याच दिवशी पाठवला. त्यांचे बॅनर छापून झाले होते, त्यांचेही नुकसान झालेच. पण सुतक पंचांगाप्रमाणे फिटते, गळा पंचांग पाहत नाही, हे त्यांना फोनवर सांगणे मला जमले नाही.

बाराव्याच्या रात्री वाडीतले भजन मंडळ आमच्या पडवीत बसले. चतुर्थीला ज्यांच्याशी माझा सामना होता ते समोरचे बुवाही तीस किलोमीटरवरून मोटारसायकलने आले होते. रंगमंचावर माझ्या टोपीपासून माझ्या आवाजापर्यंत कशाचीही खिल्ली उडवल्याशिवाय ज्यांची बारी पुरी होत नाही, त्यांनी त्या रात्री सूर एक पट्टी खाली घेतला, रूपाचा अभंग म्हटला आणि गजर न करता पेटी मिटली. इतक्या वर्षांत मी त्यांचे गाणे उत्तर शोधत शोधतच ऐकत आलो. नुसते ऐकायला परवाच मिळाले. फार चांगले गातात. (हे त्यांना सांगणार नाही, चैत्रात महागात पडेल.)

आईला माझ्या गाण्यातले काय आवडत होते, मला कधी कळले नाही. बारीला निघण्यापूर्वी पखवाजाच्या धुम्याला (डाव्या तोंडाच्या चामड्याला) लावायची कणीक तीच मळून द्यायची, ओल्या फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी गाणे कसे झाले हे न विचारता “कणीक सैल झाली नाय मा?” एवढेच विचारायची. सैल झाली तर धुमा नीट बोलत नाही, घट्ट राहिली तर ती सुटून पडते. तिचा अंदाज क्वचित चुकायचा.

आज दुपारी पडवी झाडताना कोपऱ्यात पखवाज दिसला. तिच्या आजारपणाचा निरोप आला त्या रात्री बारी संपताच आम्ही तसेच निघालो होतो आणि पखवाजवाल्याने घाईत धुमा खरवडलाच नव्हता. कणीक वाळून, तडकून, चामड्याला घट्ट चिकटली आहे. मळलेली तिची, वरचे बोटांचे ठसे मात्र पखवाजवाल्याचे. ती अशीच ठेवली तर चामडे ओढले जाऊन फाटेल, म्हणून मघाशी तिच्यावर ओले फडके टाकून ठेवले आहे. सुटायला रात्र जाईल.