रक्ताचा कॅन्सर वाटला, निघाली तांब्याची कमतरता

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दिवसाचा बराच वेळ मायक्रोस्कोपपुढे जातो, पेशंट सहसा दिसतच नाही, दिसते ती स्लाइड आणि सोबतचा फॉर्म. त्या दिवशी बोन मॅरोची, म्हणजे हाडांतल्या मगजाची, स्लाइड होती आणि फॉर्मवर होतं, पुरुष, वय ५८, हिमोग्लोबिन ७.८, पांढऱ्या पेशी बऱ्याच कमी, प्लेटलेट्स नॉर्मल, आणि खाली प्रश्नचिन्ह टाकून एमडीएस. हा बोन मॅरोचा आजार, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशीच बिघडतात आणि काही जणांना पुढे ल्युकेमिया होतो. घरच्यांना तशी कल्पना दिलेली होती, ट्रान्सप्लांटचा विषयही निघाला होता.

स्लाइड लावली आणि पहिल्याच फील्डला थांबले. लाल पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या कोवळ्या पेशींमध्ये गोल, स्वच्छ, कोरून काढल्यासारख्या पोकळ्या होत्या, आणि नुसत्या लाल नाही तर पांढऱ्या पेशींच्या कोवळ्या अवस्थांमध्येही. अशा पोकळ्या भरपूर दारूने दिसतात, काही अँटिबायोटिक्सनी दिसतात, आणि २०२० मध्ये वर्णन झालेल्या व्हेक्सास नावाच्या आजारातही दिसतात, जो जास्त करून पन्नाशीपुढच्या पुरुषांनाच होतो, त्यामुळे वय बघून तोही डोक्यात आला. मग लोखंड निळं दाखवणारा स्टेन बघितला. कोवळ्या लाल पेशींच्या केंद्रकाभोवती निळ्या दाण्यांची कडी, हे एमडीएसमध्येही दिसतं, पण इथे प्लाझ्मा सेल्समध्ये, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींमध्येसुद्धा, लोखंड साठलेलं होतं. पोकळ्या, कडी, प्लाझ्मा सेल्समधलं लोखंड आणि एवढं सगळं बिघडून प्लेटलेट्स मात्र ठणठणीत, हे चारही एकत्र आलं की मला एकच गोष्ट आठवते, तांबं, म्हणजे कॉपर.

हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्तविकाराच्या, डॉक्टरांना फोन लावला, विचारलं दारू? नाही. व्हेक्साससारखं ताप, अंगावर चट्टे, कानाला सूज? काहीच नाही. मग विचारलं, चालताना काही त्रास आहे का हो पेशंटला? ते म्हणाले, आहे ना, पाय बधिर झालेत, तोल जातो, बी१२ केलं पण नॉर्मल आलं, त्याचं न्यूरोलॉजीवाले बघतायत. म्हणजे रक्ताचं एक डिपार्टमेंट बघत होतं, पायांचं दुसरं, आणि दोन्हीचं मूळ एकच असेल असं फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी वॉर्डात गेले. एरवी जात नाही, पण हा प्रश्न फोनवर सुटणारा नव्हता. काका पलंगावर बसलेले, शेजारी मुलगी. त्यांनी सांगितलं की बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की पुढे कोसळल्यासारखं होतं, अंधारात तर पाऊल कुठे पडतंय तेच कळत नाही. मणक्यातल्या मज्जारज्जूचा मागचा भाग पाय कुठे आहेत ही खबर मेंदूला पोचवतो, तो बिघडला की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो आणि डोळे मिटले की तो आधारही जातो. बी१२ कमी असताना हुबेहूब असंच होतं, एमआरआयसुद्धा तसाच दिसतो.

"काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बीपीची एक. बाकी औषध काही नाही मॅडम."

"ताकदीच्या, इम्युनिटीच्या, केसांच्या वगैरे?"

"त्या आहेत की. पण ते औषध थोडीच आहे."

मुलीने बॅगेतून तीन डब्या काढल्या. झिंकच्या गोळ्या, एकीत ५० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. केसांच्या गोळ्यांत आणखी १५. मल्टिव्हिटॅमिनमध्ये अजून १५. बेरीज १३०. कोविडच्या काळात सुरू केलेल्या, आणि सर्दी-खोकला होत नाही म्हणून तेव्हापासून न चुकता चालू ठेवलेल्या, बंद कधी करायच्या हे कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारावं असंही त्यांना वाटलं नव्हतं. वाटणार तरी कसं, डबीवर तर सगळं चांगलंच लिहिलेलं असतं.

मोठ्या पुरुषाला दिवसाला झिंक लागतं साधारण ११ मिलिग्रॅम, बाईला ८. रोज घ्यायची वरची मर्यादा ४०. आणि ही ४० ची मर्यादा ठरवली तीच मुळी तांब्याकडे बघून, कारण जास्त झिंकचा पहिला फटका शरीरातल्या तांब्याला बसतो. होतं असं की पोटात झिंक जास्त गेलं की आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं एक प्रथिन भरपूर बनवायला लागतात, हे प्रथिन झिंक धरतं पण तांबं त्याहून घट्ट धरतं, मग अन्नातलं तांबं त्या पेशींमध्येच अडकून राहतं आणि काही दिवसांत त्या पेशी झडून शौचावाटे बाहेर जातात, तांब्यासकट. रोज थोडं थोडं. शरीरात तांबं असतं सगळं मिळून १०० मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे साठा असा कितीसा पुरणार. विल्सन्स डिसीजमध्ये शरीरात तांबं साचतं, तिथे हाच परिणाम मुद्दाम वापरून डॉक्टर झिंक देतात. काकांनी नकळत स्वतःवर तीच ट्रीटमेंट केली होती, आजार नसताना.

टेस्ट पाठवली. इथे एक गोष्ट सांगायला हवी, साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनसुद्धा झिंक रक्तात उतरू शकतं, म्हणून या तपासण्यांना ट्रेस एलिमेंटची, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणातल्या धातूंसाठीची, वेगळी निळ्या बुचाची ट्यूब लागते. रिपोर्ट आला, कॉपर मशीनला मोजता येईल त्याच्याही खाली, सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तातलं तांबं धरणारं प्रथिन, ३ (नॉर्मल २० च्या वर), झिंक वर गेलेलं. नंतर क्रोमोसोमचा रिपोर्टही नॉर्मल आला. माझ्या रिपोर्टमध्ये मी एमडीएस लिहिलं नाही, कॉपरच्या कमतरतेने झालेले बदल असं स्पष्ट लिहिलं.

मुलीने विचारलं, तांबं कमी झालं तर हिमोग्लोबिन कसं काय कमी होतं, ते तर लोखंडाने बनतं ना? प्रश्न अगदी बरोबर होता. आतड्यातून आणि साठ्यातून बाहेर पडणारं लोखंड रक्तातल्या वाहक प्रथिनावर चढायच्या आधी त्याचं रूप बदलावं लागतं, आणि ते बदलणारी प्रथिनं, सेरुलोप्लाझ्मिन आणि हेफेस्टिन, तांब्याशिवाय चालत नाहीत. म्हणून लोखंड असतं पण जागच्या जागी अडकून राहतं. काकांना आधी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि काडीचा फरक पडला नव्हता तो त्याच्यामुळेच. ही गोष्ट नवीनही नाही, १९२८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हार्ट, एल्व्हेजेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं होतं की नुसतं लोखंड देऊन अ‍ॅनिमिया बरा होत नाही, सोबत चिमूटभर तांबं दिलं की होतो. आणि पायांचं म्हणाल तर १९३० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची पिल्लं झोकांड्या खात होती, कारण त्यांच्या आयांना चाऱ्यातून तांबं मिळत नव्हतं, हे तिथल्या पशुवैद्यांनी शोधून काढलं. मेंढ्यांचं तेव्हाच कळलं, माणसांमध्ये मात्र हा मज्जारज्जूचा आजार नीट ओळखला जायला २००० साल उलटावं लागलं. मला याचं खरंच वाईट वाटतं, मधल्या काळात किती जण बी१२ ची इंजेक्शनं घेत बसले असतील.

झिंक वाईट आहे असं कुणी यातून घेऊ नये. १९६१ मध्ये डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधल्या शिराजच्या वाढ खुंटलेल्या तरुणांवरून झिंकच्या कमतरतेची शंका मांडली आणि पुढे ती खरी ठरली, त्याआधी माणसाला झिंक कमी पडू शकतं हेच मानलं जात नव्हतं. लहान मुलांच्या जुलाबात जागतिक आरोग्य संघटना ओआरएससोबत झिंक द्यायला सांगते, आणि त्याने जीव वाचतात. पण तिथे लिहिलेलं असतं १० ते १४ दिवस. किती दिवस हा आकडा डबीवर जवळजवळ कधीच नसतो. आणखी एक घोळ म्हणजे लेबल, झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात झिंक ५०, कुठे झिंक सल्फेटसारख्या अख्ख्या संयुगाचं वजन लिहितात कुठे नुसत्या धातूचं, सामान्य माणसाने बेरीज कशी करायची.

तिन्ही डब्या बंद केल्या आणि कॉपर सुरू झालं. काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी वर आल्या, मग हिमोग्लोबिन, आणि तीनेक महिन्यांत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, बघून कुणाला वाटलं नसतं की हा माणूस ट्रान्सप्लांटच्या चर्चेपर्यंत पोचला होता. पायांचं तसं झालं नाही. बधिरपणा वाढायचा थांबला, थोडा कमी झाला, पण काका अजून काठी घेतात आणि न्यूरोलॉजिस्टने स्पष्ट सांगितलंय की गेलेलं सगळंच परत येईल असं नाही. रक्ताच्या पेशी सारख्या नव्या बनत असतात, मज्जारज्जूचं तसं नाही, म्हणूनच ही गोष्ट लवकर पकडणं एवढं महत्त्वाचं.

डिस्चार्जच्या आधी मुलगी मला भेटायला आली, म्हणाली मॅडम, मग आम्ही घरातले सगळेच कॉपरच्या गोळ्या सुरू करू का? मी म्हटलं अजिबात नको. रोजची गरज ०.९ मिलिग्रॅम आहे, ती जेवणातून भागते, आणि तांबंही जास्त झालं तर लिव्हरला त्रास देतं. बोन मॅरोच्या फॉर्मवर 'सध्याची औषधं' अशी एकच ओळ होती, तिच्याखाली आता मी दुसरी छापून घेतलीय, 'औषध न समजता घेतल्या जाणाऱ्या गोळ्या, पावडरी, डोससकट', आणि ती रिकामी आली तर वॉर्डात फोन करून भरून घेते.