तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूजर्सीला किती तास लागतात?

सांगलीला गेले की कॉलनीतल्या काकूंपासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं जायला किती तास लागतात गं?" सोळा म्हटलं की कोणीतरी म्हणतंच, "शेजारचा पोरगा तर चौदा म्हणत होता." दोन्ही खरं आहे, पण दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण 12,500 किलोमीटर. आमचा न्यूजर्सीचा नेवार्क विमानतळ न्यूयॉर्कला लागूनच, म्हणजे तेवढंच. पण सरळ म्हणजे कुठून? आई पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा समोरच्या स्क्रीनवर विमान वर वर, उत्तरेला चाललेलं बघून घाबरून गेली होती. परत गेल्यावर मी भाच्याचा पृथ्वीगोल घेतला आणि आईचा गजऱ्याचा दोरा. एक टोक मुंबईवर तिच्या बोटाखाली, दुसरं न्यूयॉर्कवर माझ्या. सैल होता तोवर दोरा अरबस्तान, आफ्रिकेवरून लोंबत होता. मी ताणत गेले तसा तो आपोआप वर सरकला आणि आइसलँडवर जाऊन बसला. चांगला वीतभर दोरा माझ्या हातात शिल्लक. "अगोबाई, हा तर उरला की!" सपाट नकाशावर वळसा दिसतो तीच गोलावरची जवळची वाट, हे आईला तेवढ्यात कळलं.

आता चौदा की सोळा. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. थंडीत त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. अमेरिकेकडे जाताना हे वारे अंगावर येतात, भारतात येताना पाठीशी असतात. म्हणून जायला साधारण सोळा, यायला चौदा-साडेचौदा तास. वारा रोज सारखा नसतो, त्यामुळे वाटही रोज थोडी बदलते.

आणि काही वाटा बंदच आहेत. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, आणि त्यांच्या अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या, काहींना मध्ये युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. म्हातारी माणसं एकटी प्रवास करतात त्यात, मला त्याचंच फार वाटतं. म्हणून तिकीट काढताना नुसता दर बघू नका, एकूण तास आणि थांबे आधी बघा.

तिकिटावरच्या वेळाही फसवतात. रात्री दीडला निघून त्याच सकाळी आठला पोचणार, म्हणून एका काकूंनी साडेसहा तास काढले होते! दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूजर्सी आपल्या साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा.

पण मला विचाराल तर मी दारापासून मोजते. सांगली-मुंबई रस्त्याने आठेक तास, विमानतळावर तीन-चार तास आधी, मग सोळा, आणि उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, घर. आईच्या दारातून माझ्या दारापर्यंत तीस तास. निघताना ती हातावर दही घालते. मी नेवार्कला उतरून "पोचले" म्हणते तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेपाच-सहा झालेले असतात आणि तिचा चारचा चहा अजून व्हायचा असतो.