विजयनगरातलं नवं हॉटेल
आज आईला घेऊन इंदूरच्या विजयनगरात नुकत्याच उघडलेल्या हॉटेलात जेवलो. रामबागेतून निघताना ती म्हणाली, "सराफ्यातलं खाणं सोडून इतक्या लांब कशाला रे?" पण मेन्यूत भुट्ट्याचा कीस दिसला आणि तिनं चष्मा सारखा करून दोनदा वाचलं. किसलेलं कोवळं कणीस, तुपात मोहरी-मिरची, दुधात मऊ शिजवलेलं, वरून लिंबू न् खोबरं. अगदी घरच्यासारखा! गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, थंडीत मिळेल म्हणाले. तेव्हा पुन्हा जाणारच. पाऊण तास थांबावं लागलं खरं.

सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच दारांत रात्री खाणं मांडणारं हे इंदूर. इथे नवी चूल पेटली की फार आनंद होतो. परतताना आई म्हणाली, "रविवारी मावशीलाही आणू या."